मिठाचा मोदक आणि दुसऱ्या दिवशीची वाफ

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. मायेपोटी देवाला फसवलं — तर ते पाप का पुण्य?

हां! लगेच माना हलवू नका. पुढच्या रांगेतल्या माई 'पुण्य' म्हणून मोकळ्या झाल्या, आणि ते खांबाजवळचे काका 'पाप' म्हणाले. काका, सगळं आयुष्य घाईत काढलंत, निकाल तरी सावकाश द्या! आधी गोष्ट ऐका.

कोकणच्या किनाऱ्यावर एक वाडी. खाडीच्या तोंडाशी मयेकरांचं घर. घरात माणसं तीन. द्वारकाबाई — तरुणपणी कपाळ पांढरं झालेलं, एकटीने मुलगा वाढवला. मुलगा रघुवीर, मासेमारीच्या लाँचवर तांडेल — म्हणजे बोटीचा म्होरक्या. आणि सून शेवंती. सातवा महिना लागलेला!

दिवाळी उलटली, रघुवीर समुद्रावर गेला — आणि मागून वादळ उठलं. अवेळी वादळ! माड कंबरेत मोडले. बाकीच्या बोटी कशाबशा परतल्या. रघुवीरची? पत्ता नाही! फोन लागेना. द्वारकाबाई बंदरावर गेल्या की लोक उगाच जाळी चाचपायला लागायचे. मंडळी, वाईट बातमी परवडली! पण समोरचा माणूस नजर चुकवतो ना, तेव्हा काळजाचं पाणी होतं.

शेवंतीने संकष्टी धरली. साधी नव्हे — मिठाची! आता तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. एकवीस मोदक करायचे, उकडीचे. वीस गुळखोबऱ्याचे. आणि एकाच्या पोटात — मीठ! बाहेरून सगळे सारखे. करणारा वेगळा, खाणारा वेगळा. दिवसभर पाण्याचा थेंब नाही. चंद्र उगवला, नैवेद्य झाला, की व्रत करणाऱ्याने त्यातले मोदक खायला बसायचं. खात जायचं... खात जायचं... मिठाचा तोंडात आला की हात थांबला! एकविसावा आला तर भरल्या पोटी उठा. पहिलाच आला — तर उपाशी उठा! देव पुरे म्हणाला की पुरे.

"आये," शेवंती म्हणाली, "मोदक तुम्ही करा. मिठाचा कुठे ठेवलात ते मला कळू देऊ नका."

"बरं हो," द्वारकाबाई म्हणाल्या.

बाई स्वयंपाकघरात बसल्या. उकड मळली, पारी केली, कळ्या पाडल्या. एकेक मोदक हळदीच्या पानावर बसत होता. वीस झाले. एकविसाव्याची पारी हातावर घेतली आणि मिठाच्या बरणीकडे हात गेला —

आणि तिथेच थांबला!

बाहेर ओटीवर सून भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले. एक हात पोटावर. द्वारकाबाईंच्या मनात आलं — आणि पहिलाच मिठाचा निघाला तर? ही पोर तशीच उठेल! हट्टी आहे, दुसरा घास घ्यायची नाही. दोन जिवांची पोर उपाशी निजवू? माझ्या घरात?

देवाकडे बघितलं नाही बाईंनी. बरणीचं झाकण लावलं, आणि एकविसाव्यातही गूळखोबरंच भरलं!

काका, आता बोला! पाप? माई, पुण्य? थांबा, थांबा, गोष्ट आता कुठे आधणावर आली आहे!

चंद्र उगवला. शेवंती पानावर बसली. पहिला मोदक — गोड. दुसरा — गोड. द्वारकाबाई तूप वाढताहेत, मनात म्हणताहेत, खा गं बाय, पोटभर खा, आणि ऊठ. झालं! कोणाला काय कळतंय?

पण बाईंचा हिशेब इथेच चुकला! पोट भरलं म्हणून उठेल ती शेवंती कसली? घास फिरायला लागला तरी ही खातेच आहे! कपाळावर घाम. डोळे दारातल्या काळोखाकडे.

"अगं पुरे आता!"

"मीठ आलं नाही, आये."

"नसेल नशिबात आज. ऊठ!"

"असं कसं? तुम्ही घातलंत ना?"

मंडळी, एवढासा प्रश्न! द्वारकाबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घातलंय तर!"

संपलं! देवाशी लबाडी झालीच होती, आता माणसाशी झाली.

शेवंतीला पुढचा घास जाईना. तिने उरलेले मोदक ताटात झाकून ठेवले. म्हणाली, "आये, यातच आहे तो. उद्या सकाळी गरम करून द्या. मीठ लागेपर्यंत माझं व्रत पुरं झालं नाही. तोवर पाण्याशिवाय दुसरं काही घेणार नाही. व्रत अर्धं राहिलं आणि तिकडे काही झालं, तर मी काय तोंड दाखवू?"

सकाळ झाली. अहो, शिळा मोदक बघितलाय का तुम्ही? काल कसा गोरापान, आज पिवळट! कळ्या सुकलेल्या, बुडाला चीर. द्वारकाबाईंनी पाण्याचा हात फिरवून एकेक मोदकपात्रात ठेवला. खाली पाणी रटरटायला लागलं. वर यांचं काळीज!

कारण बाईंना पुढचं दिसत होतं. पोर एकेक फोडणार. सगळे गोड निघणार. शेवटचा मोदकही गोड निघाला, की ती काय समजेल? सासूने मीठ घातलं नाही असं समजेल? छे हो! सासूवर तिचा विश्वास! ती समजेल, देवाने तोंड फिरवलं. रघुवीर गेला!

आणि सांगावं, तर? 'माझ्या व्रतात माती कालवलीत,' म्हणेल. इकडे आड, तिकडे विहीर!

मग बाईंना युक्ती सुचली. कालची मूठभर उकड उरली होती. चटकन मळली, पारी केली, आत खोबरं आणि चांगलं चिमटीभर मीठ! कळ्या पाडल्या आणि दिला पात्रात बाकीच्यांच्या मध्ये दडवून. झाकण टाकलं. सुटले गं बाई!

सुटल्या? लबाडी अशी सोडते होय?

झाकण उघडलं, आणि बघतात तर काय! कालचे सगळे भेगाळलेले, मरगळलेले — आणि मधोमध हा एक टवटवीत, पांढराशुभ्र, चकचकीत! काढून घ्यावा म्हणून हात घातला, वाफेने बोटं पोळली, आणि मागे शेवंती उभी!

"आये... हा आज केलात?"

द्वारकाबाईंनी पोळलेली बोटं पदरात लपवली.

"काल नव्हता हा. आये, बोला! काल मीठ घातलंच नव्हतंत ना?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "नाही घातलं मी."

शेवंतीचा आवाज चढला. "तुमच्या पोटचा पोर तो! त्याच्यासाठी मी जीव टांगलाय, आणि तुम्ही देवाला फसवलंत? त्यांना काही झालं तर?"

आणि मंडळी, इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई, मटकन खाली बसली!

"झालं तर? झालं तर माझंही सगळं संपेल गं! नऊ महिने मी वागवलाय त्याला. पण तो समुद्रात आहे, बाय. तिथे माझा हात पोचत नाही. त्याला घास भरवू शकत नाही, पांघरूण घालू शकत नाही. माझ्या हाताशी कोण होतं? तू होतीस! तुला तरी उपाशी उठू देऊ नये, एवढंच आलं मनात. देवाने शिक्षा करायची तर मला करू दे."

शेवंतीचं लक्ष चुलीकडे गेलं. भाताचं भांडं पालथं. भाकरीचा तवा कोरडा. काल आपल्या पानाशेजारी दुसरं पानच मांडलं नव्हतं, हे तिला आत्ता आठवलं!

"आये," तिने विचारलं, "तुम्ही कधी जेवलात?"

द्वारकाबाईंनी मान फिरवली.

"वादळ झाल्यापासून चुलीवर तुमच्यासाठी काय चढलं? सांगा ना!"

"चहा घेतला की," बाई पुटपुटल्या.

शेवंती खाली बसली, पोट सांभाळत. तो पांढरा मोदक उचलला. फोडला. अर्धा सासूच्या तोंडाशी नेला. "वाट दोघी बघतोय, आणि व्रत मी एकटी करत होते. घ्या. मीठ दोघी खाऊ. मग भात टाकते, आणि तुम्ही माझ्यासमोर जेवायचं!"

खारट घास! दोघींनी डोळ्यांतलं पाणी न पुसता खाल्ला.

आता तुम्ही विचारणार, महाराज, रघुवीर आला का? आला हो! दोन दिवसांनी आला. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, वाऱ्याने खूप लांब नेलं, एका परक्या बंदरात लागली. आणि कधी लागली? संकष्टीच्या आधी! म्हणजे शेवंती इथे मीठ शोधत होती, तेव्हा पठ्ठ्या तिथे कोणाच्या तरी ओटीवर गरम पेज पीत बसला होता! वादळाने फोनचे टॉवर आडवे केलेले, म्हणून निरोप तेवढा पोचला नाही. मिठाने तारलं असं मी सांगणार नाही, आणि मीठ नव्हतं म्हणून देव कोपला असंही नाही.

मग पाप का पुण्य? मंडळी, फसवाफसवी ती फसवाफसवीच. देवाने ती पोटात घातली असेल, पण द्वारकाबाईंना रात्रभर पचली नाही. कबूल केली तेव्हाच पहिला घास गळ्याखाली उतरला.

पण आता माझा तुम्हाला प्रश्न आहे! इतका वेळ गोष्ट ऐकलीत. मीठ कुठे आहे, सून किती खाते, रघुवीर येतो का — सगळ्याची काळजी केलीत. माई, काका, खरं सांगा — द्वारकाबाई जेवल्या का, हे तुमच्यापैकी एकाच्या तरी मनात आलं?

नाही आलं! अहो, शेवंतीला तरी आलं.

तेव्हा आज टाळ्या वाजवू नका. घरी जा. कालचं अन्न गरम करत कोणीतरी चुलीपाशी उभं असेल. ताट ओढून बसण्याआधी तिला विचारा, तू जेवलीस का? आणि ती 'हो' म्हणाली — तर एवढ्यावर सोडू नका. भांडं उघडून बघा!