ओळखीचा वास

हॅलो? … हॅलो, खरेदी विभाग? … वन्सं, तुम्हीच का? बरं झालं. काल तुम्ही माझ्या हातून बेचाळीस शाकाहारी माणसांना मांस खायला घातलंत.

… हो, मांस. खरं. चार पायांचं. … ओरडत नाहीये. इथला पंखा ओरडतोय, त्याच्याहून मोठ्याने बोलावं लागतं.

… हिरव्या टेपचं खोकं हो. परवा तुमच्याच गोदामातून आलं. खोक्यावर 'वाटाणा-सोया खिमा', आणि आतल्या पिशव्या कोऱ्या. बारा पिशव्या, एकीवरही अक्षर नाही. … मॅडम म्हणू? बरं, मॅडम. घरी वन्सं, इथे मॅडम. तीनदा लिहून दिलं होतं मॅडम, पिशवीवर काय आहे ते छापा. अहो, हे छापखान्याचं कँटीन! खाली दिवसभर मशिनं धडधडतायत, आणि माझ्या पिशवीवर दोन शब्द छापायला तुमच्याकडे शाई नाही.

… कसं कळलं? पैलवानाने सांगितलं. … पैलवान म्हणजे आमच्या मांसाहारी काउंटरचा आचारी. आज सकाळी बर्फ मागायला आला. कालची एक पिशवी उरली होती, ती ओट्यावर मऊ व्हायला ठेवलेली. लांबूनच म्हणाला, ताई, माझं सामान तुमच्या ओट्यावर काय करतंय? … मलाही आधी थट्टाच वाटली. मग कालचं पातेलं दाखवलं त्याला. कडेला पांढरा थर धरला होता. म्हटलं, नारळाचं तेल गोठलंय रे. त्याने बोटावर घेऊन चोळलं. म्हणाला, ताई, ही चरबी आहे.

… मला का नाही कळलं? … विचारा, विचारा. सकाळपासून मीही तेच विचारतेय.

अहो, कळणार कशावरून? जन्मात खाल्लं नाही मी. तुमच्या त्या शिकवणीच्या दिवशी सोया कंपनीचा टाय लावलेला माणूस आला होता, आठवतोय? तो म्हणाला, लाल पाणी सुटलं तर घाबरू नका, तो बिटाचा रस. मांसासारखा वास आला तर घाबरू नका, तीच तर कमाल. तेल गोठलं तर नारळाचं. चिवट लागलं तर वाटाण्याचं. सगळ्याला उत्तर देऊन ठेवलेलं! मग खरं मांस समोर आल्यावर मी घाबरायचं कशाला?

… हो, चाखलं ना. मीच चाखलं. त्या खिम्याचे दोन गोळे. … आवडले, वन्सं. तुमच्यापासून काय लपवू? आजवरचा सगळ्यात चांगला माल आला असं वाटलं. वाटीतला रस्सा बोटाने पुसून खाल्ला मी. … चार वेळा चूळ भरली सकाळपासून. आता काय उपयोग त्याचा?

… नाही, ते जाऊ दे. माझं मी बघेन. ऐका ना… अहो, आधी ऐका. पैलवानाला काल वास आला होता.

… लपवलं नाही त्याने! बोलू द्याल का? गोळे रश्श्यात पडले आणि तो पलीकडून ओरडला, ताई, वास ओळखीचा येतोय! सगळे हसले. आणि मी काय म्हणावं? म्हटलं, अरे, हेच तर कौतुक! … फुगले मी. मांस शिजवणाऱ्याने पावती दिली म्हणून फुगले. एक गोळा त्याला चाखायला दिला असता तर तिथेच थांबलं असतं सगळं. पण देणार कशी? चार महिन्यांपूर्वी त्याची पळी चुकून माझ्या पातेल्यात गेली होती. सगळ्यांसमोर हात धुवायला लावले मी त्याला. दोनदा. पातेलं ओतून दिलं. जमिनीवर पिवळी रेषा मारून घेतली, आणि वर म्हटलं, मांस खाणाऱ्याने माझ्या अन्नाची चव घ्यायची नाही. … अख्ख्या स्वयंपाकघरात ज्या एका माणसाला कळलं असतं, त्यालाच मी बाहेर उभं केलं. आज सकाळीसुद्धा तो रेषेपलीकडेच थांबला होता. पातेलं मी तिकडे नेलं. म्हटलं, ये रे आत. आला नाही.

… काय? … त्याच्यावर? … परत बोला, नीट ऐकू आलं नाही. … 'अदलाबदल मांसाहारी विभागाकडून झाली' असं लिहून देऊ? … वन्सं, त्याचा फ्रीजर वेगळा, त्याचं कुलूप वेगळं. खोकं टेपबंद आलं आणि माझ्या सुरीने मी फाडलं. … नाही. नाही लिहिणार. एकदा त्या माणसाचा अपमान केलाय मी. आता तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा करू?

… कोणाला बाधलं नाही, खरंय. ताजं होतं, झकास होतं. … मग बिघडलं काय? हे तुम्ही विचारताय? तुम्ही? धाकट्या जावेने चुकून अंड्याचा केक आणला, तर चार तास ऐकवत होतात तिला. सगळ्या बश्या दोनदा घासायला लावल्यात. मी घासल्या त्या. … हो, हो, घरचं घरी. घरचं पोट वेगळं आणि कँटीनचं वेगळं, नाही का?

… बरं, मग काकांचं सांगते. … मुद्रितशोधक काका हो. छापायच्या आधी चुका काढतात ते. साठीला आलेत. दिसेल त्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचतात, सवयच लागलीय. पाच महिने माझ्याकडचं सोयाचं काही घेतलं नाही त्यांनी. म्हणायचे, बाई, जे मला नकोच आहे त्याची नक्कल तरी कशाला देतेस? उकडलेल्या भाज्या आणि दही, बास. काल मी हट्टालाच पेटले. म्हणाले, पिशवी आण, वाचतो. म्हटलं, पिशवीवर काही नाही काका, पण मी स्वतः चाखलंय. माझ्यावर विश्वास नाही का? … गोळे खाल्ले त्यांनी. पुन्हा मागून घेतले. जाताना म्हणाले, मी उगाच अडून बसलो होतो गं.

… रडत नाहीये. … नाही म्हणते ना.

… फलक लावू? काय लिहू त्यावर? … 'तांत्रिक कारणामुळे शाकाहारी काउंटर आज बंद'. … तांत्रिक! … आणि दोन दिवसांत लोक विसरतील? अहो, त्यांना माहीतच नाही, ते विसरणार काय?

… हो, नोकरी तुम्ही लावलीत. मान्य. दहा वेळा मान्य. … भावाला सांगणार? सांगा की. त्याच्याआधी मीच सांगेन त्याला, बायकोने काय खाल्लं आणि काय वाढलं ते.

… एक मिनिट. आत्ता काय म्हणालात? … नाही, त्याच्या आधी. 'दुसरीकडेही कोणी फलक लावला नाही.' … दुसरीकडे म्हणजे? … वन्सं, दुसरीकडे म्हणजे कुठे?

… बूट कारखान्याचं कँटीन. तिथेही हेच खोकं गेलं. बरं. … तिथल्या स्वयंपाकिणीने पिशवी उघडताच ओळखलं. ती मांस खाते म्हणून. बरं. … आणि तिने तुम्हाला फोन केला. … कधी? … काल. काल किती वाजता?

… वन्सं, किती वाजता?

… अकरा.

मी साडेअकराला गोळे सोडले रश्श्यात. साडेबाराला वाढले.

… खात्री करून घेत होतात. … साहेबांना विचारत होतात. … दीड तास? … थांबा, ठेवू नका फोन. ठेवलात तर तिथे येईन. काका आलेत चहाला.

काका, इकडे या. … चहा देते, आधी ऐका. … कालचे गोळे सोयाचे नव्हते, काका. मांसाचे होते. … हो. खरं मांस. … चाखलं होतं मी, ते खोटं नव्हतं. पण मला त्यातलं काही कळत नाही, आणि मी कळतंय असं तुम्हाला दाखवलं. तुम्ही वाचायला पिशवी मागितलीत आणि मी विश्वास नाही का म्हणून तुम्हालाच गप्प केलं. … चुकले मी. … बसा. ही खुर्ची घ्या. … काका, शिव्या द्या हवं तर.

… काय? … वाढण्याआधी कोणाला माहीत होतं का?

… होतं. मला नाही. याच फोनवर आहेत त्या, आमच्या खरेदी विभागाच्या प्रमुख. माझ्या नणंदबाई. थांबा, फोन स्पीकरवर टाकते.

हॅलो, वन्सं? काका समोर बसलेत. त्यांच्यामागे आता रांग लागलीय, सगळे कालचेच. माझं मी सांगून टाकलं, आता तुमचं सांगा. अकराला तुम्हाला कळलं, साडेबाराला यांच्या ताटात पडलं. मधल्या दीड तासात एक फोन का केला नाहीत? … मला नका सांगू. यांना सांगा. … हॅलो? … उत्तर द्या.