गाणाऱ्या बाहुल्याचा खून

...आणि मारलं की तो हसायचा हो. पहिली थप्पड दिली तर हसला, दुसरी दिली तर गाणं पहिल्यापासून सुरू केलं... आता अशा माणसाचं करायचं काय? माणूस म्हणजे बाहुला. गुडघ्याएवढा, काळा कोट, गळ्याला बो, हातात माईक. मी तसा शांत माणूस. चाळीस वर्षं सासवडकडे खाणीवर दगड फोडले, पण कुणावर हात उगारला नाही, माझ्या बायकोला विचारा... ती वर गेली, पण असती तर हेच म्हणाली असती.

तर इथं अमेरिकेत, पार्सिपनीला, हा बाहुला आणला माझ्या मुलानं, राजीवनं. कशाला, तर माझी नात अनिका, सात वर्षांची, तिला शुक्रवारी शाळेत नाताळचं गाणं एकटीनं म्हणायचं होतं. फार गाजलेलं गाणं म्हणे. गाणारा मरून पन्नास वर्षं झाली, तरी डिसेंबर लागला की दुकानात तोच, बँकेत तोच, दातवाल्या डॉक्टरकडे आपण आ करून पडलोय, तर तिथंही तोच. आणि मोकळ्या गळ्यानं गाईल तर शपथ... तूप चोळलेल्या आवाजात कानाशी येऊन कुजबुजतो. अनिकाची मात्र बाहुल्याशी गट्टी. मोबाइलवर तेच गाणं लावलं तर पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. बाहुला जिथं मान हलवील तिथं ती श्वास घ्यायची, आणि मग असं गायची म्हणता!

छान. पण तो ठेवला कुठं? माझी खोली आणि संडास यांच्या बरोबर मधे. त्याच्या छातीत एक डोळा, समोरून कुणी गेलं की सुरू. दिवसभर घरात मी एकटा, वय अठ्ठ्याहत्तर, तासातासाला जावं लागतं... जाताना एकदा गाणार, येताना एकदा गाणार. आणि म्हणतो काय? अनिकानं अर्थ सांगितला, खिडकीत दिवा ठेवलाय, बर्फ पडतोय, लवकर घरी ये. अरे बाबा, मी घरीच आहे. सकाळपासून घरीच आहे. आणखी किती घरी येऊ?

मी तसा शांत माणूस. आधी त्याचं तोंड भिंतीकडे केलं, तर भिंतीला घरी बोलवायला लागला. अंगावर पंचा टाकला, पंचा हलला, गायला. तोंडावर उशी दाबून वर बसलो, तर बुडाखालून तेच. गळा आवळला. मान धरून पार मागं फिरवली, तर स्वतःच्या पाठीकडे बघत गातोय! पाठीवर बंद करायचं बटण होतं म्हणे, वर लिहिलेलंही होतं. लिहिलेलं मला काय कळणार? मला मराठीतला 'अ' येत नाही. सुनेला फोन केला, तर वीणा मीटिंगमधून हळूच म्हणते, "बाबा, इग्नोर करा ना त्याला."

इग्नोर करून कधी दगड फुटलाय?

मंगळवारी, अकराव्या खेपेला, मी ठरवलं. खाणीतलं काम तुम्हाला सांगतो, दगड ताकदीनं फुटत नाही. आधी हात फिरवून त्याची शीर, म्हणजे आतली कच्ची रेघ, शोधायची, मग एकच घाव, बेतानं. मी बाहुल्याला मांडीवर घेतलं, लेकरासारखा हात फिरवला, शीर सापडली मानेखाली. वीणानं पुण्याहून आणलेला वरवंटा उचलला... एकच. उभ्या दोन फाका! मुंडकं सोफ्याखाली, माईकवाला हात फ्रिजपाशी, पोटातली तांबडी-पिवळी आतडी गालिच्यावर, आणि त्या फुटक्या छातीतून बारीक आवाजात अर्धीच ओळ... मग गप्प. चाळीस वर्षांत इतका सुबक घाव पडला नव्हता. मी शांतपणे संडासला जाऊन आलो.

मग शाळेची बस आली.

अनिका रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. सोफ्याखालून मुंडकं काढलं, ओंजळीत धरलं, म्हणाली, "आजोबा, नाऊ आय कान्ट सिंग." राजीवनं दुकानं पालथी घातली, तसला बाहुला शिल्लक नाही. बुधवारी तोंड उघडलं नाही पोरीनं. गुरुवारी बाहुल्याच्या जागेसमोर पाय दुमडून बसून राहिली. मी आपला समोरून निघालो, आणि काहीच वाजेना... पाय उचलेना. आणि काय सांगू, माझ्याच गळ्यातून ते निघालं! तीनशे वेळा ऐकलेलं. अर्थ राहू दे, अक्षर माहीत नाही, पण खाणीवरची गाणीसुद्धा आम्ही कानानंच शिकलो की. कुजबुज तशीच, तूप तसंच. जिथं तो मान हलवायचा तिथं माझी मान हलली, आणि अनिकानं श्वास घेतला.

शुक्रवारी राजीवचा काळा कोट, गळ्याला बो, मी पहिल्या रांगेत. मी मान हलवत गेलो, ती गात गेली, एक ओळ सुटली नाही. म्हटलं, फिटलं पाप.

कसलं फिटतंय? आता घरी कुणी आलं की अनिका मला कोट घालून त्या जागेवर उभा करते. वीणा कपड्यांची टोपली घेऊन समोरून गेली तरी माझी मान आपोआप हलते, गळा सुरू होतो. मी तसा शांत माणूस, म्हणून उभा राहतो... पण त्या बिचाऱ्याला निदान पाठीवर बटण तरी होतं.