हिल्डिंगने उघडलेलं दार

— नाही हो, मनगट नका मोडू. गळाची काठी मागे गेली की क्षणभर थांबायचं, मागची दोरी हवेत सरळ होऊ द्यायची, आणि मगच पुढे. घाई केलीत की सगळं तुमच्या टोपीवर येऊन पडणार. हां — आता बरी गेली. तो काळा खडक आणि लव्हाळी यांच्या मधे पाणी जेमतेम कमरेएवढं आहे, तिथे उन्हाला येऊन पडतात मासे. लगेच ओढू नका, बुडू द्या जरा. आता ओढा, हाताने, काठी खालीच ठेवा. लांब ओढ, मग थांबा, मग परत. पाईक मासा उपाशी असला तरी तसं दाखवत नाही, मागे येतो, बघतो, नाक लावेल इतका जवळ येतो आणि तिथेच उभा राहतो. त्याला वाटलं पाहिजे की हे निसटतंय. टोकाला तार आहे ती असू द्या, तिला नावं ठेवू नका. त्याच्या दातांपुढे नुसती दोरी म्हणजे शेवई. फ्लाय ना, ही पिसांची खोटी माशी? मीच बांधतो सगळ्या. बकरीचे केस, थोडी जरीची तार, आणि ही नारिंगी पिसं गुनबोरच्या कोंबड्यांची, घरी रंगवलेली. गुनबोर म्हणजे माझी भावजय, सकाळी तुम्हाला कॉफी दिली ना, ती. हिल्डिंग मला म्हणायचा, "एवढा बाप्या माणूस, दिवसभर कोंबडीची पिसं हवेत उडवतोस. त्या कोंबडीला तरी कळलं असेल का, आपण कशापायी गेलो ते?" स्वतः कधी गळ हातात धरला नाही त्याने. शेतकरी माणूस. हो, तोच हिल्डिंग. चराच्या तोंडाशी फलक आहे त्यावर नाव आहे ते. माझा थोरला भाऊ.

वाचलात तुम्ही फलक? सगळेच वाचतात. तुमच्यासारखे पाहुणे येतात ना, उप्पसालाहून, कुठून कुठून, त्यांना आधी तो चर बघायचा असतो आणि मग मासे. बरोबरच आहे म्हणा, तो चर नसता तर आज तुम्ही इथे नुसतं पाणी झोडपत बसला असता. असं आहे बघा — हा आपला समुद्र अर्धा गोड्या पाण्याचा, त्यामुळे पाईक इथे राहतो, पण अंडी घालायला त्याला गवत लागतं, बुडालेलं, उथळ, कोमट पाण्यातलं गवत. आणि मादी जिथे जन्मली तिथेच परत येते, दुसरी जागा तिला चालत नाही. या हेस्टविक खाडीच्या टोकाला आमचं पाणथळ कुरण होतं, तिथे जायच्या सगळ्या. लहानपणी आम्ही दोघं त्या पाण्यात उभे राहायचो आणि त्या पायांमधून जायच्या. मग वडिलांनी बांध घातला, चर खणला, चराच्या तोंडाला फळ्यांचं दार बसवलं, समुद्र चढला तरी आत येऊ नये म्हणून, आणि कुरण वाळवून त्यात राय पेरली, आमचं भाकरीचं धान्य. तेव्हा सगळ्यांनीच तसं केलं, वडिलांना दोष देत नाही मी. ती जमीन पुढे हिल्डिंगकडे आली आणि बोट माझ्याकडे. आणि खाडी हळूहळू रिकामी झाली. एकदम नाही. म्हातारे मासे होते तोवर कळलं नाही. मग एक साल असं आलं की पाहुणे तीन-तीन दिवस काठ्या फिरवायचे आणि मी त्यांना सांगायचो, वारा वाईट आहे, पाणी गढूळ आहे. खोटं बोलायची सवय मला तेव्हापासूनची.

— ओढा, ओढा, थांबलात कशाला? मासा मागे असो नसो, होडीपाशी आलं की काठीचं टोक पाण्यात घालून आठाचा आकडा काढायचा. कितीदा शेवटच्या हातभर पाण्यात घेतो तो. हां, असा.

तर मी हिल्डिंगच्या मागे लागलो. म्हटलं, ते दार काढ, कुरण परत भरू दे. तो म्हणाला, खाडी तुझी, राय माझी. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तो फार बोलणारा नव्हताच. शेवटी एका रविवारी चर्चच्या कॉफीला, दहा लोकांच्या देखत, मी म्हणालो की या माणसाने एक अख्खी खाडी मारली आणि वर तिची भाकरी करून खातोय. त्याने कप ठेवला, टोपी घेतली, आणि गेला. त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही. दोन घरांत दोनशे पावलांचं अंतर, आणि चार वर्षं. गुनबोर मधे ये-जा करायची, अंडी घेऊन, त्याच्या तब्येतीची बातमी घेऊन. त्या शेवटच्या हिवाळ्यात तिनेच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, की त्याचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी ओझं उचलायला मना केलंय, गार पाण्यात तर पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं मी.

आणि मग एप्रिलमधे, आठ वर्षं झाली आता, एका सकाळी हिल्डिंग उठला आणि त्याने स्वतःच जाऊन ते दार उघडलं. कुणाला न सांगता. फळ्या काढल्या, समुद्र आत घेतला, घरी आला, गुनबोरला म्हणाला, "मी दार उघडलं," आणि आडवा झाला. दुपारपर्यंत संपला. फलकावर हेच आहे — त्याने समुद्राचं समुद्राला परत दिलं, असं काहीतरी. गुनबोरने मग ते दार पुन्हा बसवू दिलं नाही. शेजारी विचारायला आला, बंद करू का, तर म्हणाली, त्याने केलेलं शेवटचं काम आहे, राहू दे. दुसऱ्या वर्षी सरकारी माणसं आली, दगडांचा नीट उतार करून दिला, आता मोजतात दर वसंतात किती माद्या वर चढल्या त्या. लोक येतात, माझा हात हातात घेतात, काय भाऊ होता हो तुमचा. होताच. त्या आठवड्यात पूर्वेचा वारा लागलेला, समुद्र दोन हात चढलेला, आणि माद्या दाराच्या बाहेर येऊन थांबलेल्या, पोटं ही एवढी फुगलेली, एकीला एक लागून, फळ्यांवर नाकं घासत. पहाट नुकतीच झाली होती, पाण्यावर कडेला पातळ बर्फ होता अजून. ते बघितल्यावर कुणाच्याने राहवलं असतं? मी पहार लावली तर पहिलीच फळी अशी निघाली की —

मासा. मागे मासा आहे तुमच्या. बघू नका माझ्याकडे, तिकडे बघा — थांबवा, आता एक झटका, लहान — वळला. गेला. जाऊ द्या. मोठी मादी होती. येईल परत, तिची जागा आहे ती.

काय म्हणालो मी?

हं. ऐकलंत तर तुम्ही. बरं, दोरी गुंडाळा जरा, राहू द्या मासे. आठ वर्षांत हे तोंडातून गेलं नव्हतं, आणि गेलं ते कुणापुढे, तर ज्याचं आडनावही मला धड आठवत नाही अशा माणसापुढे. नाही, रागावलो नाही. बसा.

मीच काढल्या फळ्या. तीन होत्या, तिन्ही काढल्या. पाणी आत घुसलं आणि त्याच्याबरोबर माद्या, धक्के देत, पाठी पाण्याबाहेर. आणि राय — चांगली वीतभर वर आली होती, हिरवीगार — ती बुडायला लागली. मला बरं वाटत होतं, खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं. मग हिल्डिंग आला बांधावरून. तो रोज सकाळी शेतावर फेरी मारायचा. मला वाटलं ओरडेल, आणि मी तयार होतो, चार वर्षं काय काय बोलायचं ते जमवून ठेवलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, हातातल्या पहारेकडे बघितलं, आणि खाली बसून बूट काढले. मोजे बुटांत नीट घातले. पॅंट गुडघ्यांवर दुमडली आणि फळी उचलून पाण्यात उतरला, दार परत बसवायला. त्या पाण्यात. आणि मला माहीत होतं. गुनबोरने सांगितलेला शब्द न् शब्द मला आठवत होता. मी काठावर उभा राहिलो. हात नाही दिला, नको जाऊ म्हटलं नाही, काही नाही. आधी त्याने मला हाक मारावी, असं वाटत होतं मला.

मांड्यांएवढ्या पाण्यात तो फळी धरून खाचेत बसवायला बघत होता, प्रवाह जोराचा, बसेना. आणि एकदम थांबला. तसाच, फळी छातीशी धरून, पाण्यात बघत. म्हणाला, "पायाला लागली माझ्या." मग जरा वेळाने, "अजून एक." तोंड पांढरं पडलं होतं, ओठ निळे, आणि हसत होता. मी त्याला असं हसताना आम्ही लहान होतो तेव्हापासून बघितलं नव्हतं. म्हणाला, "आल्वार, ही तर वासराएवढी आहे रे." चार वर्षांनी माझं नाव घेतलं. फळी त्याने काठावर टाकली आणि म्हणाला, "राहू दे. जाऊ दे त्यांना." तेव्हा मी हात दिला. तेव्हा. त्याचा हात असा गार होता की मला धरवेना. बूट घालायला त्याला जमत नव्हतं, मीच घातले. आणि तो मला म्हणाला — हे मी कुणाला सांगितलेलं नाही — म्हणाला, "गुनबोरला नको सांगू तू काढल्यास म्हणून. ती तुझ्याशी जन्मात बोलायची नाही. मी सांगतो, मी उघडलं." मी घरापर्यंत सोडतो म्हटलं तर म्हणाला, नको, तिला कळेल. गेला बांधावरून, हळूहळू. मी तिथेच बसून मासे बघत राहिलो. मासे बघत राहिलो मी.

आता तुम्ही म्हणाल, मग खोटं कुठे आहे, शेवटी दार उघडं ठेवलं त्यानेच ना. मीही हेच म्हणत आलो. त्याचा शेवटचा शब्द आहे, मी कोण तो मोडणारा. आठ वर्षं रोज सकाळी तिच्याकडे कॉफी प्यायलो, या एका वाक्यावर.

पण सोमवारी तिने मला विचारलं. ती आता नॉरशॉपिंगला लेकीकडे राहायला जाणार, गुडघे चालत नाहीत, पुढच्या आठवड्यात घर बंद होतंय. भांडी कागदात गुंडाळत होती, मी खोकी भरत होतो. मधेच म्हणाली, "आल्वार, मला एवढंच कळत नाही. आदल्या संध्याकाळी त्याने खत फेकायचं यंत्र जोडून ठेवलं होतं, त्या रायसाठी. आणि सकाळी उठून तीच राय बुडवली?" मी म्हटलं, माणसाचं मन बदलतं. तिने मान हलवली. आणखी दोन बशा गुंडाळल्या. मग म्हणाली, "बदलू दे. पण मला सांगायचं तरी. डॉक्टरकडून आलो तेव्हा माझा हात धरून म्हणाला होता, जपेन म्हणून. आणि मला न विचारता, माशांसाठी गेला पाण्यात. ज्यांच्याकडे जन्मात ढुंकून बघितलं नाही त्या माशांसाठी." रडली नाही. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती म्हणाली, "आठ वर्षं मी त्याच्यावर रागावलेय, आणि लोक येऊन मला त्याचं कौतुक सांगतात."

कळलं ना तुम्हाला? मला तोवर कळलं नव्हतं. मला वाटत होतं हे ओझं माझं आहे आणि मी ते मुकाट वाहतोय. ते सगळं तिच्या डोक्यावर होतं. तो तिला टाकून गेला नव्हता. त्याची राय बुडत होती, त्याच्या भावाने बुडवली होती, म्हणून तो धावला. आणि मी तिच्या पुढ्यात उभा राहून बशा खोक्यात रचत होतो. त्या सोमवारपासून रोज जातो, रोज तोंड उघडतो, आणि कोंबड्या कुणाला द्यायच्या ते बोलून परत येतो.

काय? नाही, तुम्ही काही सुचवू नका. तुम्हाला सोपं आहे, तुम्ही उद्या रात्रीच्या गाडीत बसाल. सांगितलं तर ती मला दारात उभं करणार नाही, हिल्डिंगला ते पक्कं माहीत होतं, चाळीस वर्षांचा संसार होता त्यांचा. आणि नाही सांगितलं तर ती तिकडे जाऊन, लेकीच्या खोलीत बसून, त्याच्यावर रागावलेलीच मरेल.

पुरे. परत जाऊ. मासा नाही मिळाला, त्याबद्दल माफ करा. उद्या सकाळी दुसरा कुणी नावाडी मिळतो का बघतो तुमच्यासाठी, चांगला माणूस बघून देतो. काठी आडवी ठेवा. डोकं सांभाळा, मोटर चालू करतोय.

— हं, आलो. जपून, धक्क्याच्या फळ्यांवर शेवाळ आहे. ही तुमची पिशवी. नाही, मी नाही येत वर घरी. तुम्ही जा सरळ, दार उघडंच असेल, आणि गुनबोरला सांगा की आल्वार धक्क्यावर बोटीत बसलाय, तिला खाली बोलावलंय. कशाला विचारलं तर माहीत नाही म्हणा. गुडघ्यांचं म्हणेल, तर म्हणा, सावकाश ये, तो थांबलाय.

आणि तुम्ही वरच थांबा. जा.