शिफारसपत्रात राहून गेलेली मर्यादा

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपल्या प्रयोगशाळेचे संचालक महोदय. मंचावरच्या प्रशासन विभागाच्या प्रमुख बाई, ज्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. पहिल्या रांगेत बसलेल्या उत्सवमूर्तीच्या मातोश्री. आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

या वर्षातलं हे माझं सहावं निरोपाचं भाषण. माणसं जातात आणि माईकसमोर मला ढकललं जातं. खरं सांगू? दमलोय मी.

जिला आपण सगळे दशांश म्हणतो, तिने पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या दशांश स्थळावरून माझ्याशी वाद घातला होता. तिचंच बरोबर निघालं. नाव तेव्हापासून चिकटलं. पुढे बारा वर्षं तिने लोकांचे तराजू, तापमापक, दाबमापक तपासले. मग एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, "सर, दुसऱ्यांची यंत्रं तपासण्यातच जन्म जायचा माझा. एमबीए करते."

वय छत्तीस. मी म्हटलं, झालं, आता हिला कोण आवरणार?

पण अर्ज करायचा कुठे? सहा महिने आमच्या जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. एक कॉलेज मोठ्या नावाचं, दोन वर्षांचं, वर्गात सगळी बावीस-तेविशीची पोरं. दुसरं एका वर्षाचं, मुरलेल्या माणसांसाठी. तिसरं याच गावातलं, शनिवार-रविवारचं, नोकरी सांभाळून करण्याजोगं. मातोश्रींचं मत तिसऱ्याला. "घरचं जेवण तरी मिळेल," असं त्यांनी मला फोनवर दोनदा ऐकवलं. माझंही मत तिसऱ्यालाच होतं. का, ते सांगतो.

दशांशने मात्र दुसऱ्या कॉलेजातून शिकून गेलेल्या अकरा जणांना फोन लावले. "सर, नाव घेऊन काय चाटायचंय? माझ्यासारखी धंदा बदलणारी माणसं तिथून बाहेर पडून कुठे लागली, ते विचारायला नको?" अकरांपैकी सात जण आपल्यासारख्या प्रयोगशाळांतून, कारखान्यांतून आलेले, आणि सातही नव्या कामाला लागलेले. तिचं ठरलं. बाकी दोन अर्ज नुसते हाताशी असावेत म्हणून.

तिन्ही शिफारसपत्रं मी लिहिली. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. यंत्र कितीही उत्तम असो, ते किती चुकतं आणि किती चुकलेलं चालतं, म्हणजे चूक आणि तिची मर्यादा, हे दोन्ही लिहिल्याशिवाय आपण प्रमाणपत्रावर सही करत नाही. मी त्याच पद्धतीने लिहिलं: दुपारी तीननंतर चिडते, दुसऱ्याचं काम पुन्हा तपासते.

पहिल्यांनी बोलावलंच नाही. दुसऱ्यांकडे मुलाखतीत विचारलं, "दुपारनंतर तुमचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणे?" परत येऊन ही मला हसत म्हणाली, "खरं तेच लिहिलंत सर, आपली पद्धतच ती." पंधरा दिवसांनी यादी लागली. तिचं नाव नव्हतं. त्या दुपारी तिने एकाच तापमापकाची नोंद चार वेळा घेतली.

बाई, दोनच मिनिटं.

त्या दोन पत्रांत मी चूक लिहिली, मर्यादा लिहिली नाही. बारा वर्षांत तिच्या चिडण्याने एकही काम अडलं नाही, हे वाक्य मला सुचलं होतं. मी ते लिहिलं नाही. आणि तिसऱ्या, गावातल्या कॉलेजच्या पत्रात? तिथे मी एकही चूक लिहिली नाही. नुसती स्तुती. ती गेली तर माझं कसं होणार, एवढाच विचार होता माझ्या डोक्यात. सवयीने झालं असं वर्षभर स्वतःला बजावतोय. सवय असती तर तिन्ही पत्रं सारखी झाली असती.

तिसऱ्यांनी प्रवेश दिला. तिने तो नाकारला. "तिथे शिकून मी पुन्हा याच टेबलावर बसेन," म्हणाली. आज नोकरी सोडून ती त्याच दुसऱ्या कॉलेजसाठी पुन्हा तयारी करणार आहे, प्रवेश हातात नसताना. आणि काल, मंडळी, तिने नव्या पत्रासाठी कागद माझ्याच टेबलावर आणून ठेवला. "तुमच्याइतकं खरं कोण लिहिणार?" म्हणाली.

त्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. आधी हे तिच्या कानावर घालायचं होतं, आणि एकट्याने सांगायची हिंमत झाली नाही.

अध्यक्षांचे, बाईंचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मंडळींनी पोटात घालावं. दशांश, तू मात्र घालू नकोस. कागद टेबलावरच आहे. उचलून न्यायचा असेल तर ने.