स्ट्राँगरूमची पाल

अरे, आमच्या मोठ्या काकाचं ऐका. बीरगांवात पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, इलेक्शनले उभे होते. मतदान झालं, मशिनी स्ट्राँगरूममधे कुलूपबंद झाल्या, तर काका बाहेरच्या मंडपात टीव्हीसमोर ठाण मांडून बसले. त्या टीव्हीवर कॅमेऱ्यातून स्ट्राँगरूमचं कुलूप लावलेलं दार दिसे, बस.

दुसऱ्या दिवशी एकदम ओरडले, "दारावरची ही पाल कालपासून हललीच नाही! जुना व्हिडिओ दाखवून राहिले आपल्याले! आत मशिनी बदलून राहिले!"

बोंबाबोंब झाली. अधिकारी बिचारा स्वतः दारापाशी गेला, कॅमेऱ्याले हात हलवून दाखवला. टीव्हीवर तो दिसला. पाल मात्र तिथंच.

मी म्हटलं, "काका, कॅमेरा चालू हाय. आता तरी घरी चला."

"हव, कॅमेरा ठीक हाय," काका म्हणे. "पालच विकत घेतली त्याईनं!"