तीन जाहिराती आणि एक सही

...आणि वर सगळे मलाच विचारतात, घाबरायचं काय त्यात? आता तुम्हीच सांगा, ज्या मुलीला सहावीत वर्गाच्या दारात उभं राहून ‘आत येऊ का’ एवढं विचारता आलं नाही, जी अख्खा भूगोलाचा तास बाहेर चपलांजवळ बसून राहिली, तिला गावापुढे उभं करायचं आणि म्हणायचं, घाबरायचं काय त्यात!

तुम्हाला सांगते, हे सगळं माझ्या अक्षरामुळे झालं. शाळेत विद्यापीठातून सफुरा मॅडम आल्या. मूळच्या रेवसच्या, आता मुंबईला विद्यापीठाच्या अभिलेखागारात असतात. अभिलेखागार म्हणजे काय, तर जुने कागद, फोटो, नकाशे सांभाळून ठेवायची जागा. तिथे एसीसुद्धा कागदांसाठी लावतात म्हणे, माणसांनी आपलं स्वेटर घालून बसायचं. तर त्यांच्याकडे आमच्या गावाच्याही चार पेट्या आहेत, आणि गावातल्या एकानेही त्या पाहिलेल्या नाहीत. म्हणून मॅडम म्हणाल्या, एका रविवारी पेट्या गावात आणते, लोकांना दाखवते, लोकांच्या घरात जुनं काही असेल तर त्याचीही स्कॅनरवर प्रत काढून घेते, फक्त गावात प्रचार करायला कोणीतरी हवं. सरांनी वर्गावरून नजर फिरवली. मी बाकाखाली पडलेलं पेन शोधत होते... पेन पडलंच नव्हतं, पण मी शोधत होते. तरी सर म्हणालेच, जागृतीचं अक्षर छान आहे. मी म्हटलं, सर, मला बोलता येत नाही. सर म्हणाले, लिहायचंच आहे, घाबरायचं काय त्यात?

मॅडमनी मला बाजूला बसवून शिकवलं. सगळ्यांना एकच जाहिरात दिली की कोणीच येत नाही, ज्याला ज्याची ओढ त्याला ते सांगायचं. मला हे इतकं पटलं, कारण यात तोंड उघडायचं नव्हतं! मी तीन कार्डशीट घेतले आणि जीव ओतून तीन जाहिराती लिहिल्या.

पहिली शाळेतल्या मुलांसाठी. मॅडमच्या पेटीत शाळेचं जुनं निकालपत्रक होतं, म्हणून लिहिलं, ‘तुमच्या आजोबांना चौथीत किती मार्क होते? या आणि बघा.’ मुलं येणार यात शंकाच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी दोन आजोबा सरांना भेटायला आले आणि हळूच विचारायला लागले, की त्या पानाला पान चिकटवता येईल का. तिसरे एक आजोबा, ज्यांनी नातवाला आयुष्यभर ‘आमचा पहिला नंबर कधी चुकला नाही’ असं ऐकवलं होतं, ते लेकीकडे माणगावला निघून गेले. सोमवारी येतो म्हणाले.

दुसरी बायकांसाठी. ‘तुमच्या सासूबाई नवरी असताना कशा दिसत होत्या? जुन्या लग्नांचे फोटो.’ झालं, सगळ्या सुनांनी यायचं ठरवलं. आणि सुना एकट्या जाऊन काय बघतील या धास्तीने सगळ्या सासवांनीही ठरवलं.

तिसरी पुरुषांसाठी, ती नाक्यावर चहाच्या टपरीला लावली, जिथे ट्रेलरवाले थांबतात. त्यात लिहिलं, ‘गावाचे आणि मिठागरांचे जुने नकाशे पाहायला मिळतील. येताना घरातले जुने कागद घेऊन या.’ खाली लाल स्केचपेनने सरळ रेघ. एक चूक नव्हती हो त्यात, मी चारदा वाचून बघितलं होतं!

पण आमचं गाव उरणच्या बाजूचं. आमच्याकडे नकाशा भिंतीला लागला की वर्षाच्या आत शेताला कुंपण लागतं. एकदा नकाशा लागला, मिठागराच्या जागी कंटेनरचं यार्ड आलं. दुसऱ्यांदा लागला, भातशेतीतून चौपदरी रस्ता गेला. दोन्ही वेळा आधी गोड बोलून जुने कागद मागवले होते. आणि आता मी, आमच्याच गावची मुलगी, सुवाच्य अक्षरात लिहिते आहे की नकाशे येताहेत, कागद आणा! दुपारपर्यंत माझ्या कार्डशीटचा फोटो गावाच्या ग्रुपवर, आणि त्याखाली कोणाचा तरी आवाज, ‘नकाशे आनतायत, कागद मागतायत. काय त्या समजून जा.’ आई भाकरी थापत होती, तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे अक्षर तुझंच ना? मी नाही म्हणणार होते... पण लाल स्केचपेन अजून माझ्या हातातच होतं.

रविवारी शाळेचा हॉल भरला. मुलं पुढे बसलेली, सासवा-सुना मध्ये, आणि मागे पुरुष हाताची घडी घालून उभे. कागद एकाच्याही हातात नाही. दारात रामचंद्रकाका. ते मिठागरात राबलेले, गावात त्यांचा शब्द चालतो, आणि त्यांच्या हातात हॉलचं कुलूप. मॅडमना ते अगदी नीट बोलले, चहा घ्या, पोहे घ्या, आणि पेट्या गाडीत टाका. मॅडम समजावत होत्या, पण ‘हे अभिलेखागार संशोधकांसाठी’ म्हटल्यावर मागचे अजूनच पुढे सरकले. आमच्याकडे संशोधन म्हणजे जमिनीची मोजणी! मॅडमचा चेहरा उतरला. पेट्या आता गेल्या तर परत येणार नव्हत्या, हे मला दिसत होतं, आणि त्या घालवल्या कोणी, तर मी, लाल रेघ मारून. सर कानाशी आले, तूच सांग त्यांना, तुझं ऐकतील. घाबरायचं काय त्यात?

मी उभी राहिले. तीनशे माणसं, म्हणजे सहाशे डोळे, माझ्याकडे. मी म्हणाले, ‘मा...’ आणि थांबले. माहिती म्हणायचं होतं की माफी, ते आता मलाही आठवत नाही.

काकांनी हात वर केला. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते म्हणाले, ‘पोरी, बोलू नको. बोलनारे लय आले न् गेले. लिवून दे.’

तुम्हाला सांगते, इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं!

मी फळ्याकडे तोंड केलं आणि लिहिलं, ‘कागद तुमच्याच हातात राहतील. विद्यापीठ फक्त प्रत काढेल. कोणाची जमीन मोजली जाणार नाही.’ मॅडम लगेच म्हणाल्या, खाली मी सही करते, शिक्काही आणलाय. काका म्हणाले, ‘तुमची नको. साहेब लोकांची बदली व्हते. मागचा सही करून गेला, तो गेलाच. ही कुठं जानार?’

मागून कोणीतरी म्हणालं, तिला अठरा पूर्ण न्हाईत. सोनूबाई, ज्यांच्या लग्नाचा फोटो पेटीत होता, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, ‘बरंच हाय. खोटं बोलाया अजून शिकली न्हाय.’

फळ्यावरचं पुसलं जातं, म्हणून कागदावर. एका कागदावर सगळ्यांचा विश्वास कसा बसणार, म्हणून घरटी एक. त्रेसष्ट घरं! मी लिहीत होते, सही करत होते, आणि कागद मिळाला की माणूस घरी जाऊन पिशवी घेऊन येत होता. सगळ्यात आधी काका. त्यांच्या पिशवीत एकच फोटो, त्यांचे वडील मिठाच्या ढिगापाशी उभे, मागे जिथे आज यार्ड आहे तिथे सगळं पांढरं. मॅडम म्हणाल्या, द्या, स्कॅनरवर ठेवते. काका म्हणाले, ‘ठेवा. पन धरनार मी.’ आणि धरलाच. झाकण पडलं तरी सोडला नाही. आता विद्यापीठात त्या फोटोच्या कोपऱ्यात काकांचा अंगठा आहे, एसीत.

मॅडम इतक्या खूश झाल्या की जाताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, बारावीनंतर हिला आमच्याकडे मुंबईला पाठवा. आणि ‘ही पन चालली’ म्हणत मागचे परत पुढे सरकले हो... काकांनी घडी केलेला आपला कागद परत उघडला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, खाली येक ओळ वाढव.

मी वाढवली. त्रेसष्ट कागदांवर वाढवली, ‘सही करणारीची बदली होणार नाही.’ साक्षीदार म्हणून आईने सही केली. तर आता मी नववी ब मध्ये आहे, आणि माझी गावात कायमची नेमणूक झालेली आहे.