कोऱ्या डब्यांचं पोतं

जमलेल्या बायांनो, भावांनो,

विमलजिजीची लेक म्हणाली, मावशी, तुम्ही बोला. तसं मला चारचौघांत बोलणं जमत नाही. जिजीच्या फोटोकडे पाहिलं की तिच्याबद्दल बोलावंसं वाटतं. आणि तुमच्याकडे पाहिलं की मनात वेगळंच येतं. तेच बोलते.

मी मंगल, जिजीच्या शेजारची. तिच्या गच्चीवर डब्या रंगवायला शिकले. तुम्हीही तिथंच शिकलात. बामच्या, तंबाखूच्या, हिंगाच्या रिकाम्या डब्या. जिजी त्या सोड्याच्या पाण्यात उकळायची, पॉलिश पेपरनं घासायची, पांढऱ्या रंगाचा हात द्यायची. मग म्हणायची, आता तुझ्या मनातलं काढ. आपल्या सरलाचा पहिला पोपट कोंबडीसारखा झाला. जिजीनं तो पुसू दिला नाही. नवरात्रात तीच डबी आधी विकली गेली.

मग तो शेठ आला. आठवतो ना? सचिन गावाहून पोतंभर कोऱ्या डब्या घेऊन. नमुना दाखवला: हिरवा रंग, वर पान, पानाखाली कंपनीचं नाव. म्हणाला, हुबेहूब असंच पाहिजे. आपण खूश. घरबसल्या काम.

जिजीनं नमुना हातात फिरवला. विचारलं, "शेठ, इसमें भरोगे क्या?"

तो म्हणाला, "तमारे शुं काम?" तुम्हाला काय करायचंय, म्हणे.

जिजी म्हणाली, "पोतं उचला."

त्या दिवशी आपण तिला काय काय बोललो. संशयी आहे, म्हणालो. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, म्हणालो. सरला तर कितीतरी दिवस गच्चीवर फिरकली नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या बायांनी ते काम घेतलं. आतला बाम नकली निघाला. एका म्हाताऱ्याच्या कपाळाची कातडी सोलली. बायांना चौकीत बसवून ठेवलं. शेठचा फोन बंद. जिजी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली. आपल्याला मात्र तिनं एका शब्दानं ऐकवलं नाही.

जिजीच्या जाण्याबद्दल मला शंका नाही. आजारीच होती. माझी शंका त्यानंतरची आहे.

तिच्या दहाव्याला तो शेठ खाली रिक्षातून उतरताना मी पाहिला. म्हटलं, हार घेऊन आला असेल. हार काही आला नाही. मग तो कुणाकडे आला होता? परवापासून जिन्यात थिनरचा वास येतोय. गच्चीला तर कुलूप आहे. मग रंगकाम कुठं चाललंय? काल मी घरोघरी गेले. एकीनं दार अर्धंच उघडलं. तिच्या नखांत हिरवा रंग होता. नाव घेत नाही. माझी चूकही होत असेल.

पण बायांनो, ज्याला आपण कधी पाहणारही नाही, त्याच्या कपाळाला तो बाम लागणार आहे. आणि या वेळी पोलीस आले, तर चहा घेऊन कोण येईल?

आता जिजीसाठी उभं राहू.

सरला, थांब. कुठं निघालीस?

काय? जरा मोठ्यानं बोल.

पोतं खाटेखाली आहे?

बरं. जा, घेऊन ये. जड असेल. सुनंदा, तू जा हिच्यासोबत. आणि सरला, रडू नकोस, आधी ते बाहेर काढ.

बाकीच्यांनी हात जोडा. त्या दोघी परत येईपर्यंत आपण शांत उभं राहू.